हॅलोवीनच्या परडीत गोळ्यांशिवाय काय?

३१ ऑक्टोबरला अंधारून येऊ लागले की अमेरिकेतल्या उपनगरांत दारावरच्या घंटा वाजू लागतात. दार उघडावे तर समोर चेटकीण, डायनासोर, अंतराळवीर आणि पांढऱ्या चादरीतले एक बुटके भूत. सगळे एका सुरात ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणतात आणि पिशव्या पुढे करतात. घरच्या माणसाने परडी समोर धरायची, प्रत्येकाने त्यातले एक काहीतरी उचलायचे, ‘थँक यू’ म्हणायचे आणि पुढच्या घराकडे धूम ठोकायची. ज्या घराच्या पुढच्या दाराशी दिवा लागलेला, तिथे जायला हरकत नाही. दिवा बंद असेल तर ते घर सोडून द्यायचे. हा अलिखित नियम चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतो.

परडीत बहुधा चॉकलेटच्या छोट्या वड्या, कडक गोळ्या आणि दाताला चिकटणारी जेली असते. पण गेल्या दहा-बारा वर्षांत बऱ्याच घरांनी शेजारी दुसरी परडी ठेवायला सुरुवात केली आहे. तिच्यात खाण्याचे काही नसते. त्या परडीत काय ठेवावे, ते स्वस्त कसे पडावे आणि मुलांनी नाक न मुरडता कसे उचलावे, हा प्रश्न दर ऑक्टोबरात हजारो घरांत पडतो. त्याचे उत्तर थोडे इतिहासात आहे, थोडे रसायनशास्त्रात आणि बरेचसे मुलांच्या स्वभावात.

गोळ्यांचे राज्य कधीपासून?

सण जुना आहे. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस. संतांच्या दिवसाची आदली रात्र म्हणजे हॅलोवीन. मध्ययुगीन इंग्लंडात या दिवसांत गोरगरीब दारोदार जाऊन त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात ‘सोल केक’ नावाचा छोटा गोड पाव मिळवत. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये मुले सोंगे घेऊन फिरत. गाणे म्हणावे, नक्कल करावी आणि सफरचंद, सुकामेवा किंवा एखादे नाणे घेऊन पुढे जावे, अशी रीत होती. तिथून उत्तर अमेरिकेत आलेल्या लोकांनी या चालीरीती सोबत आणल्या.

अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रात्र खोड्यांची झाली. पोरे फाटके उखडत, खिडक्यांच्या काचांना साबण फासत, आणि शहरांत हे प्रकार पुढे मोडतोडीपर्यंत गेले. १९३०च्या दशकात अनेक वस्त्यांनी त्यावर तोडगा काढला: मुलांना दारात बोलवा, हातावर काही ठेवा, म्हणजे ती खोड्या करणार नाहीत. दुसऱ्या महायुद्धात १९४२पासून साखरेचे रेशनिंग आले आणि हा प्रकार मंदावला. १९४७मध्ये रेशनिंग उठले आणि मग मात्र तो देशभर पसरला.

तेव्हाही परडीत फक्त गोळ्या नव्हत्या. घरी भाजलेली बिस्किटे, पाकात वळलेले पॉपकॉर्नचे लाडू, सफरचंदे, शेंगदाणे, सुटी नाणी, छोटी खेळणी असे हाताशी असेल ते दिले जाई. १९५० साली फिलाडेल्फियात तर काही मुलांनी उलटेच केले. दुधाचे रिकामे खोके घेऊन ती दारोदार फिरली आणि युद्धाने पोळलेल्या देशांतल्या मुलांसाठी पैसे मागू लागली. त्या वर्षी १७ डॉलर जमले. युनिसेफच्या नारिंगी डब्यांची प्रथा तिथून सुरू झाली.

कारखान्यात वेष्टनबंद झालेली गोळी पुढे आली ती सोयीमुळे, आणि भीतीमुळेही. घरी वळलेला लाडू कोणी कसा केला असेल, सफरचंदात कोणी पाते तर खुपसले नसेल, अशा शंका १९६०च्या दशकात पसरू लागल्या. १९७४ साली टेक्सासमध्ये एका मुलाचा हॅलोवीनच्या गोड पुडीतल्या सायनाइडने मृत्यू झाला. ते विष कोणा अनोळखी शेजाऱ्याने दिलेले नव्हते. विम्याच्या पैशांसाठी खुद्द बापाने ते घातले होते आणि त्याला १९८४मध्ये देहदंड झाला. १९८२च्या शरदात शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सूलांत कोणीतरी विष मिसळून सात जणांचा बळी घेतला. मग काही रुग्णालये हॅलोवीनच्या गोळ्यांचे एक्स-रे काढून देऊ लागली. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८पासूनच्या बातम्या चाळल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊतून मूल मेल्याचे किंवा गंभीर जखमी झाल्याचे एकही पक्के प्रकरण त्यांना सापडले नाही. भीती मात्र मागे उरली. घरचे पदार्थ परडीतून गेले आणि वेष्टनातली गोळी तेवढी टिकली.

म्हणजे आज ‘परंपरा’ म्हणून जे दिसते ते जेमतेम पन्नास वर्षांचे आहे. परडीतून गोळ्या काढल्या की सण बुडतो, असे समजायचे कारण नाही.

दुसरी परडी कोणासाठी?

अमेरिकेत दर १३ मुलांमागे साधारण एकाला कोणत्या तरी अन्नाची ॲलर्जी असते. शेंगदाणे, बदाम-अक्रोडांसारखी कवचाची फळे, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, मासे आणि कोळंबी-खेकडे हे तिथले ओळखीचे आठ गुन्हेगार. २०२३पासून तिळाचा उल्लेखही वेष्टनावर सक्तीचा झाला आहे. छोट्या वड्यांची एक खोच अशी, की मोठ्या वडीची घटकयादी तिला लागू पडेलच असे नाही. आकार बदलला की कधी कृती बदलते, कधी कारखाना बदलतो. शिवाय सुट्या छोट्या वडीवर घटकांची यादी बहुधा नसतेच. ती बाहेरच्या मोठ्या पुड्यावर छापलेली असते आणि तो पुडा यजमानाच्या कचराकुंडीत गेलेला असतो. ॲलर्जी असलेले मूल मग तासभर गोळा करते आणि घरी येऊन निम्मी पिशवी आईच्या हवाली करते.

यावर उपाय टेनेसी राज्यातल्या पूर्व भागात निघाला. तिथल्या ॲलर्जीग्रस्त मुलांच्या पालकांच्या एका गटाने दाराशी मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवायला सुरुवात केली. या घरी खाण्याव्यतिरिक्त काहीतरी मिळेल, असा त्याचा अर्थ. अन्नाच्या ॲलर्जीविषयीच्या जागृतीचा तो रंगच आहे. २०१४ साली ‘फूड ॲलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन’ या संस्थेने ही कल्पना ‘टील पम्पकिन प्रोजेक्ट’ या नावाने देशभर नेली. रंगवलेला भोपळा नसेल तर कागदावर छापलेला चालतो.

या परडीचा उपयोग आणखी पुष्कळांना होतो: टाइप वन मधुमेहाची मुले, सिलिॲकमुळे गहू वर्ज्य असलेली, दातांना तारा लावलेली, शिवाय अजून चघळता न येणारी तान्ही, जी भोपळ्याच्या पोशाखात बाबागाडीतून येतात. शाकाहारी घरांची अडचण वेगळीच. जेलीच्या गोळ्यांत, मार्शमॅलोत आणि हॅलोवीनच्या प्रसिद्ध कँडी कॉर्नमध्येही बहुधा जिलेटिन असते आणि ते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढतात. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या शाकाहारी मराठी आईला पिशवीतल्या गोळ्या एकेक करून वाचत बसावे लागते, ते याचमुळे.

खर्चाचे कारणही आता जोडीला आले आहे. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथली पिके हवामानाने आणि रोगांनी बिघडली आणि २०२४च्या डिसेंबरात कोकोचा भाव टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला. चॉकलेटच्या वड्या महागल्या, काहींचे आकार बारीक झाले.

मुले खरेच उचलतात का?

मोठ्यांची ठाम समजूत अशी, की खेळणे आणि गोळी समोर ठेवली तर मूल गोळीच घेणार. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ती हॅलोवीनच्याच रात्री तपासली. कनेक्टिकट राज्यातल्या सात घरांच्या दारात त्यांनी मुलांपुढे दोन ताटे धरली. एकात नावाजलेल्या गोळ्या होत्या. दुसऱ्यात साधीच खेळणी होती: ताणता येणारे रबरी भोपळेबुवा, अंधारात चमकणारे किडे, हॅलोवीनची चित्रे असलेले स्टिकर आणि पेन्सिली. ३ ते १४ वर्षांची २८४ मुले आली आणि जवळजवळ निम्म्यांनी खेळणी उचलली. मुलगे-मुली यांत फरक दिसला नाही. २००३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

त्यातली खेळणी नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. एकही वस्तू ‘तुझ्या भल्यासाठी’ नव्हती. किडे किळसवाणे होते, भोपळे खेचले की लांब होत. अमेरिकेत गल्लीतला दंतवैद्य टूथब्रश वाटतो ही जुनी थट्टा आहे, आणि मुलांना तो का रुचत नाही हे सांगायला संशोधन लागत नाही. सोंग घेऊन, थंडीत कुडकुडत, अंधारात दार वाजवणाऱ्या मुलाला कोणी सुधारायला निघाले की ते त्याला लगेच कळते. वस्तू स्वस्त असली तरी चालते, पण तिच्यात उपदेश नको. पुढची सगळी निवड या एका कसोटीवर लावता येते.

त्याच रात्री कामाला येणाऱ्या वस्तू

सर्वांत हमखास खपणारी वस्तू म्हणजे चमकणारी कांडी किंवा तिचे हातात घालायचे कडे. मूल ते घेते, तिथेच वाकवते आणि दुसऱ्या मिनिटाला ते उजळते. पिशवीत टाकायला कोणी थांबत नाही.

आत काय घडते तेही मुलांना सांगण्यासारखे आहे. प्लास्टिकच्या नळीत एक द्रव असतो आणि त्यात काचेची बारीक कुपी. कांडी वाकवली की कट् असा आवाज होऊन कुपी फुटते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऑक्झलेट जातीचे एक संयुग एकत्र येतात, त्यांच्या अभिक्रियेतली ऊर्जा शेजारचे रंगद्रव्य घेते आणि प्रकाश म्हणून बाहेर टाकते. उष्णता जवळपास निघत नाही. बेल लॅब्समध्ये एडविन चँड्रॉस यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हा मार्ग शोधला आणि अमेरिकन सायनामिड कंपनीत मायकेल राउहट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वापरण्याजोगा केला. ऊब मिळाली की अभिक्रिया वेगाने होते, म्हणून कांडी प्रखर दिसते पण लवकर विझते. थंडीत ती मंद होते आणि जास्त टिकते. पेटलेले कडे रात्री फ्रीझरमध्ये ठेवले तर सकाळी अजून थोडे उजळलेले सापडते. इतका मोठा प्रयोग दहा-बारा सेंटमध्ये कुठे मिळणार?

या कड्याचा आणखी एक उपयोग आहे आणि तो अधिक महत्त्वाचा. हॅलोवीनच्या रात्रीचा खरा धोका गोळ्यांत नसून रस्त्यावर असतो. ‘जामा पीडियाट्रिक्स’मध्ये २०१९ साली आलेल्या अभ्यासात १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतल्या अपघातांची तुलना होती. ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ आणि तिच्या आठवडाभर आधीची व नंतरची संध्याकाळ ताडून पाहिली, तेव्हा पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका हॅलोवीनला ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. चार ते आठ वर्षांच्या मुलांना तो दहापट होता. काळे झगे, डोळ्यांवर सरकणारे मुखवटे आणि पार्क केलेल्या गाड्यांमधून अचानक धावत येणारी मुले, हे सगळे वाहनचालकाला दिसायला अवघड. हातात चमकणारे कडे किंवा पाठीवर दिव्याचा झोत परतवणारा स्टिकर असेल तर मूल दुरून दिसते. चिमुकल्या टॉर्चही अशाच कामाच्या. पण त्यांची बटण-बॅटरी स्क्रूने पक्की बंद असेल तरच.

कागद, शाई आणि पेन्सिल

सर्वांत स्वस्त माल कागदाचा. वटवाघळे, सांगाडे, काळी मांजरे यांचे स्टिकर मोठ्या गुंडाळीत येतात आणि एका मुलामागे पाच-दहा सेंटच पडतात. त्यात कोणाला ॲलर्जीचे भय नाही आणि लहानांपासून दहा वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना ते चालतात.

तात्पुरते टॅटू किंचित महाग, पण मोठ्या मुलांना अधिक आवडतात. कागदावर उलटे छापलेले चित्र आणि त्यावर चिकटणारा थर अशी त्यांची रचना. चित्र कातडीवर पालथे दाबायचे, मागून ओले फडके लावायचे. पाण्याने कागद सुटतो आणि चित्र हातावर राहते. तेल चोळले की ते निघते. वेष्टनावर घटक आणि बनवणाऱ्याचे नाव असलेले टॅटूच घ्यावेत. ‘ब्लॅक हिना’ नावाने मिळणाऱ्या लेपाच्या वाट्याला मात्र जाऊ नये. त्यात केस रंगवण्याचे पीपीडी हे रसायन असू शकते आणि त्याने कातडीवर फोड येतात.

पेन्सिलीबद्दल मुलांत दोन तट आहेत. साधी पिवळी पेन्सिल म्हणजे शाळेची आठवण. तिला कोणी हात लावत नाही. तीच पेन्सिल काळ्या-नारिंगी पट्ट्यांची असेल आणि टोकाला कवटीचे खोडरबर असेल, तर पहिली-दुसरीतली मुले ती हौसेने घेतात. काही कंपन्या या हंगामासाठी पत्त्यांचे छोटे पुडे काढतात. पोकेमॉनने २०२२मध्ये प्रत्येकी तीन पत्त्यांच्या ४० पुड्यांचा संच खास या रात्रीसाठी आणला. असा पुडा परडीत दिसला की गोळ्यांकडे पाहायला कोणी उरत नाही. तो स्टिकरपेक्षा बराच महाग पडतो, तेव्हा थोडी मुले येणाऱ्या गल्लीतच त्याचा विचार करावा.

आपली मुले मोठी झाली असतील तर त्यांची जुनी चित्रपुस्तके हा जवळजवळ फुकटचा मार्ग आहे. सॅन होजे शहरात ‘बुक्स फॉर ट्रीट्स’ या उपक्रमातून चांगल्या अवस्थेतली जुनी पुस्तके या रात्री वाटली जात. दाराशी वयानुसार दोन खोकी मांडावीत आणि मुलांना स्वतः शोधू द्यावे. ओरिगामी येत असेल तर काळ्या कागदाची वटवाघळे आठवडाभर आधी घडी घालून ठेवता येतात. घरातल्या पोरांचा त्यात छान वेळ जातो आणि खर्च फक्त कागदाचा.

हाताला चाळा

प्लास्टिकची कोळ्याची अंगठी ही अमेरिकन हॅलोवीनची जुनी ओळख. शाळेतल्या कपकेकवर हीच टोचलेली असते. ती शेकड्याने मिळते, एक अंगठी पाच-सात सेंटला पडते आणि दहाही बोटांत घालून मिरवण्यात मुलांना मोठेपणा वाटतो. ड्रॅक्युलाचे खोटे दात, छोटे डायनासोर, शिक्के, उसळणारे चेंडू, साबणाच्या फुग्यांच्या इवल्याशा बाटल्या हे याच घराण्यातले. बाटलीचे झाकण घट्ट आहे ना, एवढे तपासावे. नाहीतर चेटकिणीचा झगा साबणाने भिजतो.

मळायच्या रंगीत मातीच्या छोट्या डब्या मुलांना फार आवडतात, आणि तिचा इतिहासही गमतीचा आहे. आजचे प्ले-डो सुरुवातीला खेळणे नव्हते. कोळशाच्या शेगड्यांची काजळी भिंतींच्या कागदावरून पुसायला सिनसिनाटीतली कुटॉल कंपनी हा गोळा विकत असे. घरे तेल-गॅसवर गेली, काजळी संपली आणि धंदा बसला. बालवाडीतली मुले त्या गोळ्याशी रमतात हे लक्षात आल्यावर १९५६च्या सुमारास तो रंगवून खेळणे म्हणून बाजारात आला. पण दुसऱ्या परडीत ठेवण्याआधी एक ध्यानात घ्यावे: प्ले-डोमध्ये गहू असतो. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक असलेल्या मुलासाठी मोरपंखी भोपळा ठेवायचा आणि त्याच्या हातात गव्हाचा गोळा द्यायचा, असे होता कामा नये. खाण्याची वस्तू नाही म्हणजे तिच्यात अन्न नाही, असे धरून चालता येत नाही.

काय टाळावे

स्वस्त घेताना सावधगिरी सोडू नये. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला एक ठरावीक नळकांडे वापरतात. त्याचा व्यास सव्वा इंच असतो आणि त्यात पूर्ण मावणारी वस्तू त्या वयाला निषिद्ध मानली जाते. चेंडूंसाठी मर्यादा आणखी कडक, पावणेदोन इंच. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरावी. तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती चिमुरड्यांच्या हाती देऊ नये. अंगठ्या, खोडरबर आणि बारके चेंडू मोठ्या मुलांसाठी उंच परडीत ठेवावेत, खालच्या परडीत स्टिकर.

न फुगवलेले किंवा फुटलेले रबरी फुगे लहान मुलांचा श्वास कोंडू शकतात आणि काहींना लेटेक्सची ॲलर्जीही असते. पाण्यात फुगणारे मणी, सुटे चुंबक आणि उघडी बटण-बॅटरी पोटात गेली तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. या वस्तू परडीत कधीच नकोत. चमकणारी कांडी मुले चावतात, आणि या रात्री अमेरिकेतल्या विषबाधा मदतकेंद्रांचे फोन त्यासाठी खणखणतात. आतला द्रव कडू असतो, तोंडाची-डोळ्यांची आग करतो. सहसा भरपूर पाण्याने धुतले की भागते. पण आत फुटलेली काचही असते, म्हणून चावण्याच्या वयातल्या मुलांना कडे देऊ नये. निनावी स्वस्त धातूचे दागिनेही टाळलेले बरे. २००८च्या अमेरिकन कायद्याने मुलांच्या वस्तूंतल्या शिशाला कडक मर्यादा घातली आहे, पण कुठून आली ते न सांगणारी साखळी ती पाळते की नाही हे नुसते पाहून कळत नाही.

शिट्ट्या आणि चिकट स्लाइम यांत धोका कमी, पण शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे असतील तर विचार करावा.

प्लास्टिकच्या कचऱ्याचा आक्षेपही खरा आहे. दुसऱ्या दिवशी गाडीच्या सीटखाली सापडणारी तुटकी अंगठी कोणाच्याच उपयोगाची नाही. चॉकलेटची चकचकीत वेष्टनेही मातीत मिसळत नाहीत, हेही खरेच. मधला मार्ग असा, की कागद, पेन्सिल, पुस्तके, पत्ते अशा टिकाऊ वस्तू जास्त ठेवाव्यात आणि प्लास्टिक त्या रात्री खरोखर वापरले जाईल एवढेच.

हिशेब

साठ मुले येतात असे धरू. चॉकलेटची छोटी वडी साधारण पाव डॉलरला पडते, म्हणजे एकेक दिली तरी पंधरा डॉलर. शंभर चमकत्या कड्यांचा डबा दहा-बारा डॉलरला येतो. त्यातली साठ वाटली तर खर्च सहा-सात डॉलरच्या आसपास. स्टिकर आणि अंगठ्या त्याहून स्वस्त, पेन्सिल वीस सेंटच्या आसपास. दुकानाप्रमाणे भाव कमी-जास्त होतील, पण घाऊक घेतले तर बिगरखाऊ परडी चॉकलेटपेक्षा महाग पडत नाही. डॉलर ट्रीसारख्या दुकानांत आणि घाऊक विक्रीच्या संकेतस्थळांवर सप्टेंबरातच माल येतो. १ नोव्हेंबरला उरलेला निम्म्या भावात मिळतो. चॉकलेट पुढच्या वर्षीपर्यंत टिकत नाही. स्टिकर आणि पेन्सिली टिकतात. कांड्या मात्र फार जुन्या होऊ देऊ नयेत, त्यांचा प्रकाश मंदावतो.

मराठी बायकांना हे गणित नवे नाही. संक्रांतीचे वाण निवडताना हेच पाहिले जाते: डझनाने मिळावे, सगळ्यांना सारखे द्यावे, खिशाला परवडावे आणि घेणारीने ते माळ्यावर टाकू नये.

देण्याची रीत

वस्तूइतकीच ती देण्याची पद्धतही महत्त्वाची. आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात १९३८पासून मुले या निमित्ताने फिरतात, आणि तिथे नुसते ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणून भागत नाही. एक विनोद सांगावा लागतो. विनोद बहुधा भिकार असतो आणि दारातले सगळे मनापासून हसतात. मुलाने काही केले आणि घराने काही दिले, ही स्कॉटिश सोंगांची जुनी देवघेव तिथे अजून चालू आहे.

आपल्या दारातही एवढे जमते. दोन परड्या ठेवाव्यात आणि मुलाला विचारावे, यातले घेतोस की त्यातले? कोणाला कसली ॲलर्जी आहे हे विचारू नये. मधुमेहाच्या मुलाला रांगेतून वेगळे काढले की त्याची रात्र बिघडते. निवड सगळ्यांना दिली तर कोण कशामुळे निवडतो हे कोणालाच कळत नाही. दोन्ही परड्या एकमेकींपासून दूर ठेवाव्यात, म्हणजे चॉकलेटचा चुरा खेळण्यांत मिसळत नाही. मुखवटा न घालता आलेल्या उंच पंधरा वर्षांच्या मुलालाही पत्त्यांचा पुडा द्यावा. तो यायचा थांबेल तेव्हा आपणच थांबेल.

दिवाळी कधी कधी याच आठवड्यात येते. २०२४ साली अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लक्ष्मीपूजन नेमके ३१ ऑक्टोबरलाच होते. अशा वर्षी मराठी घरांच्या दाराशी आकाशकंदील आणि कोरलेला भोपळा शेजारी-शेजारी दिसतात, आणि आत डबे भरलेले असतात. त्यातली चकली दारातल्या मुलाच्या पिशवीत घालायचा मोह होतो. तो आवरावा. सुटा घरगुती पदार्थ तिथले पालक न बघता फेकून देतात, आणि चिवड्यातले शेंगदाणे, काजूकतली किंवा तिळाची चकली एखाद्या मुलाला खरोखर अपाय करू शकते. फराळ ओळखीच्यांना, आत बोलावून द्यावा. दारातल्या पाहुण्यांसाठी दिव्यांचे आणि रांगोळीचे स्टिकर ठेवले तर आपलाही सण परडीत जातो.

पहिल्या वर्षी एकाच वस्तूचा मोठा खोका आणू नये. तीन-चार प्रकार थोडे थोडे घ्यावेत, रात्री नऊ वाजता दिवा बंद केल्यावर परडीत काय उरले ते पाहावे आणि लिहून ठेवावे. सगळी कडी संपली आणि पेन्सिली तशाच राहिल्या, तर पुढच्या वर्षीची खरेदी मुलांनी ठरवून दिली आहे.